जपानी शिकून राहिले: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं

आधीच सांगते, मी काही जपानीची मॅडम नाही. नोकरी अकाउंट्सची, राहायला मानेवाड्याकडे, आणि जपानी शिकायला लागून पाच-सहा वर्षं झाली, त्यात दोनदा सोडलं, तीनदा पुन्हा धरलं, आता जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-थ्री लेव्हल पास आहे (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात कठीण). पण ओळखीपाळखीत कोणाच्या पोराला जपानी शिकायचं असलं की नंबर माझाच दिला जातो आणि मग रात्री अकरा वाजता "ताई एक विचारायचं होतं" सुरू होतं. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते.

क्लास लावू का घरीच शिकू?

हा पहिला प्रश्न आणि याचं उत्तर तुमच्या स्वभावावर आहे, जपानीवर नाही. तुम्ही जिमची वर्षाची फी भरून किती दिवस गेले होते ते आठवा. पंधरा दिवसांत सुटली असेल तर क्लास लावा, कारण तिथे निदान शनिवार-रविवार कोणीतरी "होमवर्क कुठंय" विचारतं. मी पहिल्यांदा क्लासमध्येच गेले होते, सर चांगले होते पण वीस जणांच्या बॅचमध्ये तोंड उघडायची पाळी आठवड्यातून दोन मिनिटं यायची, बाकी वेळ सगळ्यांनी एका सुरात पाढे म्हटल्यासारखं "कोरे वा होन देस्", म्हणजे "हे पुस्तक आहे", म्हणायचं. त्याचाही उपयोग असतो, उच्चार बसतात, पण बोलणं येत नाही. घरी एकटीने शिकले तेव्हा उलटं झालं, वाचता भरपूर यायला लागलं आणि बोलताना तोंडाला कुलूप. माझं मत विचाराल तर पहिले चार-सहा महिने क्लास, पाया पक्का करा, मग स्वतःचं स्वतः, आणि जमलं तर आठवड्यातून एकदा ऑनलाइन कोणाशी तरी एकास-एक बोलणं. पण दर दोन महिन्यांनी पद्धत बदलू नका. माझी दोन वर्षं यातच गेली, कोणी म्हणालं हे अ‍ॅप भारी की ते, कोणी म्हणालं ग्रामर सोड नुसतं ऐक की ते. प्रत्येक वेळी धडा पहिला, "माझं नाव अमुक आहे".

जपानी जगातली सगळ्यात कठीण भाषा आहे म्हणतात, खरंय का?

हे कुठून येतं ते सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आहे, त्यांच्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. त्यांच्या यादीत जपानी सगळ्यात कठीण गटात, साधारण २२०० तास वर्गात बसायला लागतात असा त्यांचा हिशोब. यूट्यूबवरचा प्रत्येक माणूस हाच आकडा फेकतो. अरे पण तो आकडा इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा आहे ना! त्याला क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायचं म्हणजे डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि आपण जन्मल्यापासून तसंच बोलून राहिलो. लिपी आपल्यालाही कठीणच आहे, त्यात सूट नाही. पण व्याकरणाचं अर्धं ओझं मराठी माणसाच्या डोक्यावरून उतरलेलं असतं, फक्त कोणी त्याला ते सांगत नाही, कारण सगळी पुस्तकं इंग्रजीतून.

मराठीचा असा काय मोठा फायदा होतो?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

जपानीत क्रियापदाचं एक रूप असतं, त्याला ते-फॉर्म म्हणतात. क्लासमध्ये पोरं इथेच गळतात. ताबेरु म्हणजे खाणे, त्याचं ताबेते म्हणजे सरळ सरळ "खाऊन". बस. आता पुढे बघा. मिरु म्हणजे बघणे, तर ताबेते मिरु म्हणजे? खाऊन बघणे! ओकु म्हणजे ठेवणे, कात्ते ओकु म्हणजे घेऊन ठेवणे. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे, मोत्ते इकु म्हणजे घेऊन जाणे. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणे. शब्दाला शब्द ठेवा, वाक्य तयार. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला वेगळा धडा, वेगळा नियम, आणि आम्ही येड्यासारखे मराठी बंद करून इंग्रजीतले नियम पाठ करत होतो.

आता खास आपल्यासाठी. ताबेते इरु. इरु म्हणजे असणे, राहणे. पुण्याचा माणूस याचं "खातो आहे" करेल. आणि आपण काय म्हणतो? "खाऊन राहिला"! काय करून राहिला बे, नानी ओ शिते इरु. माझी मावसबहीण पुण्याची, ती लहानपणापासून आमच्या "करून राहिलो"ला हसायची, ज्या दिवशी हे मला लक्षात आलं त्या दिवशी मी तिला मुद्दाम फोन करून सांगितलं की आमचं नागपुरी व्याकरण डायरेक्ट टोकियोशी जुळतं. (तिने फोन ठेवला.)

पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आपल्याकडे आहेत ना, जपानीत पण आहेत. ओचिरु म्हणजे पडणे, ओतोसु म्हणजे पाडणे. कोवारेरु मोडणे, म्हणजे आपोआप, आणि कोवासु म्हणजे कोणीतरी मोडणे. ग्लास फुटला आणि ग्लास फोडला यातला फरक आपल्या घरात मार खाऊन शिकलेला असतो, तो वेगळा शिकायला लागत नाही.

मग वा नावाचा प्रत्यय, ज्याच्यावर लोक रात्र रात्र भांडतात. त्याला "तर" किंवा "म्हणजे"सारखं समजून बघा. सावजीत बसलो आणि वेटर आला, तुम्ही म्हणता "मी मटण, हा चिकन". तुम्ही काही मटण नाही आहात, पण वेटरला कळतं. जपानीत सेम, "बोकु वा उनागी दा", मी तर ईल मासा, म्हणजे मला ईल मासा आण. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य समजवायला पानंच्या पानं लागतात.

वाक्याच्या शेवटचं ने म्हणजे आपलं "ना". सोऽ देस् ने म्हणजे "हो ना". सान लावणं म्हणजे आपलं जी लावणं. आणि पिका पिका म्हणजे चकचक, दोकि दोकि म्हणजे छातीत धडधड, पेरा पेरा म्हणजे घडाघडा बोलणं. असे शेकडो शब्द आहेत त्यांच्यात, आणि रिमझिम, गुळगुळीत, खडखडाट म्हणणाऱ्या माणसाला ते परके वाटतच नाहीत.

उच्चारातही फायदा आहे का?

आहे, हिंदीवाल्यांपेक्षा जास्त. त्सु हे अक्षर हिंदीवाल्यांना जड जातं, आपल्याकडे "चूक" मधला च आहेच. मिझु म्हणजे पाणी, त्यातला झ "जुना" मधल्या ज सारखा. त्यांचा न् तर हुबेहूब आपला अनुस्वार, पुढे प-ब-म आलं की आपोआप म् होतो, शिंबुन म्हणजे पेपर, बोलताना शिम्बुन. "संप" म्हणताना आपण जे करतो तेच.

मग मराठी धोका कुठे देते?

देते ना. वरचं वाचून लगेच हवेत जाऊ नका.

"करून राहिला" प्रत्येक ठिकाणी चालत नाही. केक्कोन शिते इमास् (इमास् हे इरुचंच सभ्य रूप) म्हणजे लग्न करून राहिला नाही, लग्न झालेलं आहे. शिंदे इरु म्हणजे मरून राहिला नाही, मेलेला आहे. क्रिया क्षणात होते तिथे ते-इरु म्हणजे झाल्यानंतरची अवस्था, हे एकदा नीट बसवून घ्या.

स्वर लांबवायला आपण कच्चे आहोत. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, बोलताना सगळं सारखं. जपानीत ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाऽसान म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईला आजी म्हटलं तर काय होईल ते नागपुरात काय नि ओसाकात काय सारखंच.

देण्याची क्रियापदं डोकं खातात. मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु, दुसऱ्याने मला दिलं तर कुरेरु, आपल्याकडे दोन्हीला देणेच. असण्याचे पण दोन, माणसं-प्राण्यांना इरु आणि झाडं, वस्तू वगैरे बाकीच्यांना आरु. आणि मान देणं सुद्धा. आपण बाहेरच्या माणसाला सांगताना "आमचे साहेब आले नाहीत" म्हणतो, जपानी लोक कंपनीबाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावाला सान लावत नाहीत, कारण तेव्हा साहेब आपल्या घरातले झाले आणि घरातल्यांचं कौतुक बाहेर करायचं नसतं. आपल्या तोंडाला हे वळण लागायला फार वेळ लागतो, मला अजून लागलेलं नाही.

लिपी आधी शिकू का नुसतं बोलायला आधी?

लिपी. हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ मूळ अक्षरं, रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांचं काम. इंग्रजी अक्षरांत जपानी लिहून शिकू नका, आपल्याकडे देवनागरी असताना तो द्राविडी प्राणायाम काहून करायचा? पहिले पंधरा दिवस देवनागरीत लिहा, मग ती कुबडी पण टाका, नाहीतर वर्षभर देस् चं देसु म्हणत बसाल.

आणि एक गंमत, त्यांचा तक्ता म्हणताना ऐका: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली मुळाक्षरं आठवा, क, च, त, न, प, म, य, र, व. सा च्या जागी च आणि हा च्या जागी प ठेवा (जुन्या जपानीत ह चा उच्चार प असाच होता), झाला क्रम सेम. बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडची सिद्धम लिपी आणि वर्णमालेचा अभ्यास तिकडे गेला, भिक्खू लोकांनी तो केला, आणि त्यातून हा क्रम बसला. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे मला तिशीनंतर कळलं.

कांजीचं काय करायचं? दोन हजार आहेत म्हणे.

कांजी म्हणजे चीनमधून आलेली, अर्थ सांगणारी अक्षरं. सरकारी रोजच्या वापराच्या यादीत २१३६ आहेत, त्यातली १०२६ त्यांची पोरं प्राथमिक शाळेत शिकतात. घाबरू नका, एन-फाइव्हला शंभरच्या आसपास पुरतात.

पद्धती तीन-चार आहेत. एक म्हणजे शंभर-शंभर वेळा गिरवणं, ज्यांना शाळेत पाढे तसेच यायचे त्यांना जमतं. दुसरी गोष्टी रचून लक्षात ठेवणं, म्हणजे माणूस आणि त्याच्या बाजूला झाड काढलं की विश्रांती, यासुमु. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत रामदासपेठेत कडुनिंबाखाली थांबलेला डिलिव्हरीवाला पोरगा आठवा, परत कधी विसरणार नाही. यात काही लोक उच्चार बाजूला ठेवून आधी सगळ्या दोन हजारांचे अर्थच पाठ करतात. मी दोनशेपर्यंत करून बघितलं, अर्थ कळायचे पण एक शब्द वाचता येत नव्हता, फार राग आला, सोडलं.

मला लागू पडली ती तिसरी, सुटं कांजी नाही, अख्खा शब्द शिकायचा. कारण एकाच कांजीचे उच्चार ढीगभर असतात. जन्म-जीवन अर्थाचं एक आहे, कुठे सेइ, कुठे शो, इकिरु मध्ये इ, उमारेरु मध्ये उ, आणि कच्चं या अर्थाने एकटं आलं तर नामा. हे पाठ करून काय करणार? शब्द शिका, उच्चार त्याच्यासोबत येतात. देन म्हणजे वीज. देन्शा, विजेची गाडी, म्हणजे ट्रेन. देन्वा, विजेचं बोलणं, म्हणजे फोन. देन्ची, विजेचं तळं, म्हणजे बॅटरी! फुटाळा तलावावर बसून मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा हा शब्द माझ्या डोक्यात कायमचा बसला.

अ‍ॅनिमे बघून जपानी येतं का?

ती जपानी कार्टून बघून कान तयार होतात, हे मान्य. पण नुसतं अ‍ॅनिमेवर शिकलेला पोरगा इंटरव्ह्यूत जे बोलतो ते म्हणजे आपल्याकडे साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन "काय बे, पगार किती देतं?" म्हटल्यासारखं. ओरे (मी), ओमाए (तू) हे रांगडे शब्द हिरोच्या तोंडी शोभतात. बघा, पण सबटायटल जपानी लावून बघा, आणि बोलायचं ते पुस्तकातलं सभ्य.

अ‍ॅपवर रोज पंधरा मिनिटं करते, पुरेल का?

ज्या अ‍ॅपमध्ये स्ट्रीक तुटली की घुबड रडतं त्याने सवय लागते, भाषा नाही. चांगलं वापरण्यासारखं एक म्हणजे अंकी, विसरायच्या बेतात आलं की तेच कार्ड पुन्हा दाखवतं, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे. दुसऱ्याची पाच हजार शब्दांची तयार गड्डी घेऊ नका, स्वतः वाचताना अडलेले रोज दहा शब्द टाका. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोनशे कार्डं साचतात, मग माणूस अ‍ॅपच उघडत नाही, ही माझीच कहाणी आहे.

पुस्तक कोणतं?

आपल्याकडच्या क्लासेसमध्ये बहुतेक ठिकाणी मिन्ना नो निहोंगो चालतं, पन्नास धडे, पंचवीस-पंचवीसचे दोन भाग. मूळ पुस्तक पूर्ण जपानीत आहे, भाषांतर आणि ग्रामरचं वेगळं मिळतं, दोन्ही घ्या, नाहीतर घरी नुसती चित्रं बघत बसाल. क्लासशिवाय हे जरा रुक्ष वाटतं. एकटे असाल तर जपान फाउंडेशनचं इरोदोरी फुकट डाउनलोड होतं, ऑडिओसकट, आणि त्याची पद्धत वेगळी आहे, ग्रामरपासून नाही तर कामापासून सुरू होतं, दुकानात विचारणं, डॉक्टरला सांगणं, कचरा कुठल्या दिवशी टाकायचा. ज्यांना तिकडे जाऊन कामच करायचंय त्यांनी हेच धरावं.

ग्रामर न शिकता नुसतं ऐकून-वाचून शिकायचं म्हणतात, ते चालतं का?

लहान पोर तसंच शिकतं असा त्यामागचा विचार आहे, आणि समजेल इतपत सोपं भरपूर कानावर पडलं पाहिजे हे खरंच आहे. पण "समजेल इतपत" हे महत्त्वाचं. सुरुवातीलाच बातम्या लावून बसलात तर तो नुसता आवाज, पंख्यासारखा. मला यातली ताडोकु पद्धत आवडली, ताडोकु म्हणजे भरपूर वाचन: सोप्यात सोप्या गोष्टींपासून सुरू करायचं, डिक्शनरी बघायची नाही, अडलं तर सोडून पुढे जायचं, कंटाळा आला तर पुस्तक बदलायचं. छोट्या गोष्टी ऑनलाइन फुकट मिळतात. माझा हिशोब असा की एन-फाइव्हपर्यंत ग्रामर जास्त, पुढे हळूहळू वाचणं-ऐकणं जास्त.

बोलायला माणूस कुठून आणू? नागपुरात जपानी कुठे आहे?

लँग्वेज एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर मराठी नाही पण हिंदी किंवा इंग्रजी शिकणारे जपानी लोक भेटतात. वेळेचं गणित लक्षात ठेवा, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपण जेवूनखाऊन नऊला फोन लावतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा. त्यामुळे रविवारी सकाळी साडेसहाला, तिकडे दहा वाजलेले असतात.

आणि माणूस नसला तर शॅडोइंग करा, म्हणजे ऑडिओ लावून बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे मागे तसंच, त्याच चालीत बोलत जायचं. मी मेट्रोत मास्क लावून करायची, खापरी ते सीताबर्डी, एकदा बाजूच्या काकूंना वाटलं मी स्तोत्र म्हणते आहे, त्यांनी हात जोडले.

जेएलपीटी द्यायचीच का?

नोकरीसाठी कागद लागतो, मग द्या. १९८४ पासून ही परीक्षा आहे, २०१० पासून एन-फाइव्ह ते एन-वन अशा पाच लेव्हल, आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पण यात बोलायचा पेपर नाही, लिहायचा नाही, सगळं पर्याय निवडायचं. म्हणून एन-थ्री पास आणि तोंडातून शब्द नाही असे लोक असतात (नमस्कार).

आणि नुसती टोटल बघू नका. एन-फोरला १८० पैकी ९० लागतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी निदान १९ वेगळे लागतात. मी पहिल्यांदा रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले, मागची सीट, झोप नाही, दुपारी लिसनिंग सुरू झालं तेव्हा डोळे मिटत होते, आणि ऑडिओ एकदाच वाजतो. टोटल ९७ आली. लिसनिंग १७. नापास. दोन मार्कांसाठी सहा महिने. तेव्हा आदल्या दिवशी पोचा आणि झोपा.

शिकून नोकरी लागते का?

आयटीत एन-थ्रीच्या खाली फारसं कोणी विचारत नाही, एन-टू असेल तर बोलणीच वेगळी. तिकडे जाऊन हाताचं काम करायचं, म्हणजे वृद्धांची देखभाल, शेती, हॉटेल वगैरे, तर २०१९ पासून जपानने वेगळा व्हिसा सुरू केला, भारताशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला, त्याला साधारण एन-फोरइतकी भाषा आणि त्या कामाची परीक्षा लागते. एजंटला पैसे देण्याआधी हे नियम स्वतः वाचा, प्लीज.

पगार ऐकताना एक गोष्ट: ते लाखात नाही, मान मध्ये मोजतात, एक मान म्हणजे दहा हजार. आपला एक लाख म्हणजे जू मान, एक कोटी म्हणजे इस्सेन मान. "निजू मान" ऐकून वीस लाख समजू नका, दोन लाख येन आहेत ते.

वय पन्नास आहे, जमेल का?

जमेल. आमच्या बॅचमध्ये रिटायर झालेले काका होते, कांजी सगळ्यात सुंदर त्यांचीच.

इतकं शिकून तुम्ही जपानला गेल्या का?

नाही अजून. पण जपानीच कामठीला आले होते. तिथल्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात मी आईला घेऊन गेले होते, तिथे जपानी लोकांचा एक ग्रुप, त्यातल्या एक बाई सावलीत एकट्याच बसलेल्या. पाच वर्षांचा अभ्यास, छातीत दोकि दोकि, मनातल्या मनात तीन वाक्यं जुळवून गेले आणि समोर गेल्यावर तिन्ही गायब. आईच्या पिशवीत संत्री होती. मी दोन काढून त्यांच्या हातात दिली आणि जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं, "नागपूर वा मिकान देस्". नागपूर तर संत्रं आहे. त्या बाई आधी थांबल्या, मग इतक्या हसल्या, म्हणाल्या "सोऽ देस् का", म्हणजे "असं का", आणि संत्रं सोलता सोलता माझ्याशी एक लांबलचक वाक्य बोलल्या, एकदम फास्ट, त्यातले मला दोनच शब्द कळले, मिकान आणि आत्सुई, म्हणजे गरम. मी "सोऽ देस् ने" म्हणून मान हलवली. बाकी वाक्यात काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.